गाऱ्हाण्यातून राहिलेलं नाव

मी वडिलांची हुबेहूब नक्कल आहे, हे ऐकून माझे कान किटले आहेत. तेच टक्कल, तीच तिरकी मान. आवाज तर असा, की वरळीची आत्या फोनवर मलाच "भाऊ" समजून गावच्या घराची भांडणं सांगायला लागायची, आणि "अगं आत्ये, मी आहे" म्हणेपर्यंत निम्मं भांडण उरकलेलं असायचं. लालबागच्या आमच्या चाळीत मला स्वतःचं नाव असं नव्हतंच. मी 'धाकटे बाबा'.

दादरच्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. क्लोन म्हणजे काय, ते मुलांना हापूसच्या कलमावरून सांगतो. कलमाची फांदी मूळ झाडाचीच, पण दुसऱ्या मातीत लावली की ती आपलं आपण वाढते. मुलांना ते पटतं. चाळीला कधी पटलं नाही.

गणपतीत आमच्याकडे आरतीनंतर गाऱ्हाणं असतं. घरच्या कर्त्याने मालवणीत देवाला सगळ्यांच्या अडचणी सांगायच्या आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय महाराजा" म्हणायचं. वडील नावं घेऊन मागायचे. माझ्या धाकट्या भावाची नोकरी, आत्याचे डोळे, शेजारच्या मुलीचं लग्न, अगदी गल्लीतल्या लंगड्या कुत्र्यापर्यंत. माझं नाव नाही. दहावीला नाही, टायफॉइड झाला तेव्हाही नाही. मला ते फार लागायचं, आणि विचारायची लाज वाटायची. गाऱ्हाण्याच्या शेवटी वडील मागे वळून आईला विचारत, "काय ऱ्हवला गो?" ती एखादं राहिलेलं सांगायची, ते देवाला पोचवायचे आणि मगच प्रसाद.

वडील गेले. आता गाऱ्हाणं कोण घालणार? घरातला थोरला मी, आवाजही तोच, पण मला कुणी विचारेल तर शपथ! धाकटा भाऊ लोअर परळच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करतो. त्याने वडिलांचे फोनवरचे जुने व्हॉइस मेसेज गोळा केले, त्यांचा आवाज क्लोन केला, त्या आवाजात गाऱ्हाणं बनवलं आणि मखरामागे स्पीकर ठेवला.

"दादा, ऐक तरी. सेम टू सेम बाबा!"

"अरे, सेम टू सेम मी इथे उभा आहे ना! जन्मभर तुम्हीच सांगत आलात."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतास?"

मी आणखीच चिडलो.

स्पीकर बोलू लागला. खरंच वडील, मधल्या खोकल्यासकट. आत्याने डोळ्यांना पदर लावला. नोकऱ्या झाल्या, डोळे झाले, सगळे "व्हय महाराजा" म्हणत होते. मी मात्र कान देऊन होतो, आणि या शहाण्याने माझं नाव यातूनही गाळलं होतं! मी त्याला कोपराने ढोसलं.

"बाबा कुठे घ्यायचे?" तो कुजबुजला. "ओरिजिनलसारखंच केलंय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे आता मशीनसुद्धा मला वगळणार!

गाऱ्हाणं संपलं आणि स्पीकरवर त्याच्या फोनमधली गाणी सुरू झाली. त्याने धडपडत ती बंद केली. प्रसादाची वाटी फिरू लागली. आई मात्र हात जोडून तशीच उभी होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. त्या यंत्राला काय माहीत असणार, पण आम्हा कुणालाही ते सुचू नये याचा मला जास्त संताप आला.

मी पुढे झालो. ज्या आवाजापासून आयुष्यभर पळत होतो, त्याच आवाजात विचारलं, "आये, काय ऱ्हवला?"

"तुझा नाव ऱ्हवला," ती म्हणाली. "दरवर्साक ऱ्हवता. मी घरात कितीदा सांगलंय त्येंका. ते म्हणत, 'तो म्हणजे मीच. सोतासाठी देवाकडे काय मागतलंय?'"

इतकी वर्षं मी रुसून होतो ते यावर.

मग जिने जन्मात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं त्या आईने गणपतीकडे बघून माझं नाव घेतलं. "ह्यो माझो थोरलो झील, महाराजा. ह्यो त्येंच्यापेक्षा वेगळो आसा. ह्येच्याकडे वेगळा बघ."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले, धाकटा सर्वांत मोठ्याने. मी प्रसादाची वाटी आधी आईपुढे धरली.