लाल झाकणाची बरणी

अकोल्याच्या जुन्या शहरात मनकर्णाबाईनं चाळीस वर्षं फुलं विकली, पण तिचा तोरा होता कॉफीचा. माळ्याच्या घरात चहा रोजचा. कॉफी सणाला नाहीतर व्याही-जावई आले तर, आणि तीही लाल झाकणाच्या काचेच्या बरणीतलीच. ती लग्न होऊन आली तेव्हा कॉफी पत्र्याच्या डब्यात यायची, झाकण चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागायचं. मग ही बरणी आली आणि डबा मागे पडला. पुढं पानठेल्यावर पाऊचच्या माळा लटकल्या. आता तर पोरं मोबाईलवरून कसल्या कसल्या वासाची मागवतात. गिऱ्हाइकाचं मनच असं, काल शेवंती तर आज जरबेरा. मनकर्णाबाई मात्र हटली नाही. पाऊचमध्ये नुसती धूळ असते, असं ती चारचौघांत सांगायची. बरणी कधी संपत नाही, याचं श्रेय ती सुनेच्या काटकसरीला द्यायची.

त्या रविवारी सून रूपालीचे आईवडील नांदगाव पेठहून आले. मनकर्णाबाईनं बैठकीतूनच फर्मावलं, "बरणीतली कर वं."

"तेच करून राहिली, आई," आतून रूपाली म्हणाली.

कप बाहेर आले. विहिणीसाठी गजरा आणायला मनकर्णाबाई मागच्या अंगणात गेली. तिथं नवरा, नत्थुजी, हातपाय धूत होता.

"त्या लाल झाकणाच्या बरणीले हात नोको लावू बरं," तो म्हणाला. "परवा उंदराचं औषध भरलं त्याच्यात."

"कावून? कॉफी होती ना त्याच्यात?"

"कायची कॉफी? गोटा झाला होता आत. फोडून फेकला."

पुढचं तिला ऐकूच आलं नाही. औषधही कॉफीसारखीच काळपट भुकटी, आणि ती आपल्याच हुकमानं कपात गेलेली. ती तशीच आत धावली. ज्यांनी पोटची लेक आपल्या घरात दिली, त्यांनाच आपण मारलं. रूपालीला तोंड कसं दाखवायचं?

बैठकीत व्याही पंजाबरावांचा कप रिकामा होता. विहीण शेवटचा घोट घेत होती. मनकर्णाबाईनं तिच्या हातातला कप हिसकला.

"ओका, इवाई. दोघंबी ओका. इख आहे त्याच्यात. शुभम, गाडी काढ, दवाखान्यात न्या यायले."

पंजाबराव पांढरेफटक पडले. तिचा लेक शुभम किल्ली शोधायला धावला. रूपाली धावत आली, तिनं सासूचं बोलणं ऐकलं आणि तशीच स्वयंपाकघरात गेली. मसाल्याच्या डब्यामागून तिनं फाडलेली पाऊचं आणून सासूपुढं धरली.

"आई, हे होती कपात. बरणीतली तीन वर्षांपासून दगड झाली. तुमाले राग येईन म्हणून बोलली नाही."

तीन वर्षं. दर सणाला मिटक्या मारत, 'हिले म्हणते कॉफी' असं म्हणत ती जी प्यायली, ती हीच धूळ होती. एरवी तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. आता ती खालीच बसली.

"तीन वर्षं खोटं बोलली तू माह्यासंग," ती म्हणाली, आणि रूपालीचा हात दोन्ही हातांत घट्ट धरून व्याह्यांसमोरच ढसाढसा रडली.