अक्काची माती युगांडात झाली

माझ्या बहिणीचं प्रेत मी बघितलेलं नाही.

आज दहावा. चर्चमध्ये दहावा नसतो, आमच्यात असतो. म्हणून आज लिहितोय.

रडू अजून आलेलं नाही. जेवतोय, झोपतोय, पलूसला जाऊन मेडिकल उघडतोय. लोक विचारतात, "कसा हायस?" मी म्हणतो, "बरा हाय." खरंच काही वाटत नाही.

शोभाअक्का माझी थोरली बहीण. कुंडलची पोरगी. कॉलेजात असताना सांगलीच्या दाजींशी लग्न केलं. दाजी ख्रिश्चन. घरात दोन वर्षं अबोला. मग पहिलं बाळंतपण आईनंच केलं, तेही कुंडलला. आमच्याकडं भांडणं अशीच मिटतात, कोण कुणाची माफी मागत नाही.

यंदा त्यांच्या चर्चची टीम पंधरा दिवसांसाठी युगांडाला निघाली. शॉर्ट टर्म मिशन म्हणतात त्याला. एका खेड्यातल्या शाळेला रंग द्यायचा, मुलांना गाणी आणि गोष्टी शिकवायच्या, बायकांना शिवणकाम. अक्काचा सांगलीत शिवणक्लास होता, त्यामुळं ती आणि दाजी दोघंही गेले.

निघताना मी चिडवलं होतं. "पंधरा दिसांत काय देव शिकवणार तुमी?"

"देव हाय की तितं आधीच. मी फ्रॉक शिकवाय चाललेय."

शेवटच्या आठवड्यात ताप आला. मलेरिया. मोठ्या हॉस्पिटलला नेताना रस्त्यातच गेली.

दाजींचा फोन आला. राजधानी एक दिवसाच्या रस्त्यावर, प्रेत आणायच्या परवानग्यांना किती दिवस लागतील सांगता येत नाही, आणि त्या गावात बर्फसुद्धा मिळत नव्हता.

"हितंच करावं लागंल रं. उद्या चारला."

मी "बरं" म्हणालो. त्या दिवशी मी सगळ्यांना बरंच म्हणत होतो.

अक्का गेली, माती उद्या चारला, एवढं आईला सांगितलं. "तिकडंच" हा शब्द तोंडातून निघेना. म्हटलं, सकाळी सांगू.

सकाळी उठेपर्यंत चुलतभावानं ग्रुपवर टाकलं होतं, "शोभाअक्काची माती आज दुपारी चारला. वेळेत यावे."

आमच्याकडं मातीचा मेसेज असाच असतो. जागा कुणी लिहीत नाही. माणूस राहत होतं तिथंच त्याची माती, ते काय लिहायचं?

आईला सांगायचं टाळून मी सांगलीला पोचलो होतो. पाळकांनी चर्चमध्ये प्रोजेक्टर लावून तिकडचा अंत्यविधी दाखवायचं ठरवलं होतं. युगांडाचे चार म्हणजे आपले साडेसहा.

आणि चारच्या आधीच कुंडलचा टेम्पो चर्चच्या गेटात उभा राहिला.

सगळी भावकी. बायका आधी उतरल्या. आईच्या हातात पिशवी. पिशवीत हिरवी साडी. लेक सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरची. ती नेसवल्याशिवाय उचलत नाहीत.

"कुठं ठिवलीय तिला?"

"आई, अक्का हितं न्हाई. तिकडंच माती हाय."

"मग मी नेसवू कशी?"

पाळक पुढं आले. म्हणाले, "आई, आत चला. अजून व्हायचंय. आपण सगळे मिळून बघू."

आत बाकं होती, पण आमच्या बायका फरशीवर बसल्या. मातीला वर बसत नाहीत. चर्चच्या बायकांनी दोनदा सांगितलं, वर बसा. मग त्याच खाली येऊन बसल्या. कुणी चहा विचारला नाही ते बरं झालं, आमच्यातल्या कुणी घेतला नसता.

साडेसहाला पडद्यावर चित्र आलं. झाडाखाली पेटी. बरीच माणसं. मागून कुणी काकू पुटपुटल्या, "माती तांबडी हाय गं, पाचगणीसारखी."

पेटी उघडी होती. मी पडद्याकडं बघितलंच नाही. आईकडं बघत राहिलो.

आई उठून पडद्याजवळ गेली, पडद्यातल्या दाजींनाच विचारलं,

"पावनं, पेटीपाशी हाय ती बाई कोण?"

पाळकांनी फोन आईच्या तोंडाजवळ धरला. दाजींचा आवाज आला, "आई, शोभानं मशीन शिकवली तिला. अंगावरचं कापड तिनंच घातलंय. घरनं आणलं तिनं."

 

आई म्हणाली, "तिला म्हणावं, शोभाच्या डोसक्यावरनं घे. पदर घेतल्यावानी."

दाजींनी कुणाला तरी सांगितलं, त्यानं त्या बाईला सांगितलं. आई तिथूनच हातानं दाखवत होती, असं, आणि थोडं पुढं. मग आईचा हात थांबला.

"बास. आता झाकू दे."

आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. आईनं जन्मात पहिल्यांदा कुणावर माती पडताना बघितली, ती पोटच्या लेकीवर.

परत जाताना टेम्पोत साडी पिशवीतच होती.

आज सकाळी चुलते घरी आले. हाडं नाहीत, राख नाही, मग दहाव्याचं कसं करायचं? कुणी म्हणालं दर्भाचा पुतळा करू, कुणी म्हणालं भटजींना विचारू. माझ्याकडं बघायला लागले. मी "बरं" म्हणणारच होतो.

आई चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "काय न्हाई करायचं. माझी लेक उघडी न्हाई गेली. मी बघितलंय."

चुलते उठले. चपला घालून गेले.

अक्का, तुला निरोप देऊन आईचं झालं. माझं अजून काहीच झालेलं नाही. होईल तेव्हा होईल.

तुझ्या धाकट्या भावाचा तुला शेवटचा नमस्कार.