दोन इंच वर घेतलेली सीट

काकांच्या सायकलची सीट दोन इंच वर घेतली ती मी. कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत असताना दोन सुट्ट्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढले होते. तेवढ्या शिदोरीवर मी जगाचे गुडघे सुधारायला निघालो होतो.

काका धार लावतात. गल्लीत त्यांना ठिणगी म्हणतात आणि दार वाजवून तेही ‘ठिणगी आलीय’ असंच सांगतात. सायकल स्टँडवर चढवायची, मागच्या चाकाचा पट्टा हँडलवरच्या दगडाला जोडायचा, सीटवर बसून पेडल मारत दगडावर सुरी धरायची. तीस वर्षं हेच.

गुडघे दुखतात म्हणाले, म्हणून मी त्यांची टाच खालच्या पेडलवर ठेवून पाय सरळ होईल इतकी सीट चढवली. पुस्तकी माप. काका गल्लीत एक चक्कर मारून आले. “अरे, पाय माझे आहेत असं वाटतंय,” म्हणाले. मी आठवडाभर कॉलर ताठ करून हिंडलो.

काका ती सायकल दिवसातून तासभर चालवतात आणि सहा तास तिच्यावर जागच्या जागी बसून धार लावतात, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. सीट वर गेली, दगड तिथेच राहिला. ते दगडावर ओणवे होऊ लागले आणि अंगाचं सगळं वजन हँडलवर टेकलेल्या तळहातांवर आलं.

पंधरा दिवसांनी काकूने मला बोलावलं. “तुझ्या काकांना शर्टाची बटणं मी लावतेय,” ती म्हणाली. “नवरदेव झालेत.” हसली नाही.

दोन्ही हातांच्या शेवटच्या दोन-दोन बोटांना आधी मुंग्या, मग त्याही नाहीत, बोटं बधिर. पातं मागून त्याच बोटांनी दाबायचं असतं. शिवणाच्या कारखान्यातल्या चाळीस कात्र्यांना काका दर महिन्याला धार लावतात; घर त्यावर चालतं. या वेळी सगळ्या परत आल्या होत्या. कटिंग मास्तरांचा निरोप होता, कात्र्या कापड कापत नाहीत, चावतात. शनिवारपर्यंत नीट करा, नाहीतर मशीनवर धार लावणाऱ्याला देतो.

“मला का नाही सांगितलंत?”

“तू एवढा खूश होतास,” काका म्हणाले.

त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

सीट खाली घेतली की गुडघे, वर घेतली की हात. शाळेत असताना पंक्चर काढले त्याच सायकलवाल्याकडे मी गेलो. त्याने भंगारातल्या गिअरच्या सायकलचा दांडीवाला बोल्ट काढून दिला. दांडी फिरवली की पान्याशिवाय सीट खालीवर होते. नळीवर मी दोन खुणा केल्या, एक रस्त्याची, एक दगडाची. पैसे त्याने घेतले नाहीत. रबर कापायची बोथट सुरी माझ्या हातात दिली. “ठिणगीकडून धार. मशीनची नको.”

सीट बरोबर झाली. बोटं नाही झाली.

शुक्रवारी सकाळी काकांनी पहिली कात्री धरली आणि ती हातातून सुटून फरशीवर पडली. दुसरीही. ते उतरले, भिंतीला टेकून बसले आणि बोटं मांडीवर आपटू लागले, बंद पडलेलं पेन झटकावं तसे. काकू आत निघून गेली.

मग म्हणाले, “तू बस वर.”

मी पेडल मारत राहिलो. काका समोर उभे राहून अंगठा आणि तळव्यात पातं दाबून धरायचे. “हळू. लग्नाच्या वरातीत आहेस का?” दर कात्रीनंतर चिंधीवर कापून बघायचे आणि निम्म्या पुन्हा दगडावर घ्यायचे. संध्याकाळपर्यंत चाळीसही कात्र्या झाल्या. काकांच्या त्या बोटांना मात्र अजून काही जाणवत नव्हतं.

शनिवारी मास्तरांनी एकेक कात्री कापडावर चालवली. तेहतीस ठेवल्या, सात बाजूला काढल्या. “हा महिना चालेल,” म्हणाले. “पुढच्याचं पुढच्या महिन्यात बघू.”

येताना काकांनी दांडी फिरवून सीट रस्त्याच्या खुणेवर घेतली. दोनदा हात घसरला, तरी मी मध्ये पडलो नाही.

सायकलवाल्याची सुरी अजून माझ्या पिशवीत आहे. मी विषय काढला तेव्हा काका म्हणाले, “त्याला अंदाजाने केलेली धार द्यायची नाही. बोटांत जीव येऊ दे.”

त्याच्या दुकानावरून मी हल्ली जात नाही.