मामांना पस्तीसपैकी पस्तीस

माझ्या लाजेपायी माझ्या सासऱ्यांचं नाहक ऑपरेशन होता होता राहिलं.

मामांची प्रोस्टेट वाढली होती. ऑपरेशनच्या नुसत्या नावानं त्यांच्या तोंडचं पाणी पळायचं, म्हणून महाडच्या डॉक्टरांनी फॉर्म गुपचूप माझ्या हातात दिला. सात प्रश्न, प्रत्येकी शून्य ते पाच गुण. जितका त्रास जास्त, तितके गुण जास्त! "घरी निवांत विचारून भरा. कमी आले तर गोळ्या, फारच आले तर ऑपरेशन."

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला कारकून. फॉर्म भरण्यात माझा हातखंडा! पण नाते गावाच्या पुढं मामांच्या गावी पोचलो, तर ओटीवर मामा, दारात सासूबाई, आत मेहुण्याची बायको. एवढ्या गोतावळ्यात जावयानं 'लघवी' म्हणायचं? छे! मी तो शब्द प्रत्येक प्रश्नातून शिताफीनं गाळला.

"मामा, थांबून थांबून येतं का?"

"नेहमीच!" (पाच.)

"धार बारीक असते?"

"करंगळीएवडी! ती पन नशिबात असंल तर!" (पाच.)

"रात्री उठावं लागतं?"

"मी उठतोच, तुमच्या सासूला पन उठवतो!"

हे जरा विचित्र वाटलं, पण दिले पाच. बेरीज पस्तीसपैकी पस्तीस! (मीही गणितात पस्तीसच मिळवले होते, पण शंभरपैकी.)

मामा-सासूबाईंना घेऊन महाडला गेलो. फॉर्म बघून डॉक्टर गंभीर झाले. "काका, ऑपरेशनच करावं लागेल." सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मामा आधी घाबरले, मग भडकले.

"माजंच कशाला? अख्ख्या गावाची हीच रड हाय!"

"अख्ख्या गावाची?"

"वरच्या आळीला तर आठ-आठ दिस येक थेंब नाय!"

डॉक्टरांच्या हातातलं पेन पडलं. "आठ दिवस? मग माणसं करतात काय?"

"टँकर मागवतात!"

डॉक्टरांनी सावकाश माझ्याकडं पाहिलं. मामा म्हणाले, "जावयबापू, तो तुमच्या कचेरीचा नळाचा फारम होता ना?"

मग डॉक्टरांनी 'तो' शब्द खणखणीत उच्चारत सगळे प्रश्न पुन्हा विचारले. गुण आले नऊ. गोळ्यांवर भागलं! मी घाम पुसला. शेवटी एक बिनगुणांचा प्रश्न उरला होता.

"काका, उरलेलं आयुष्य हे असंच सोसावं लागलं, तर कसं वाटेल?"

मामांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"आता काय करनार डॉक्टर? पोरगी देऊन बसलोय ना!"