होम पुरतं, प्रो विचारू नये

दुरुस्तीच्या दुकानात काम संपलं की काहीतरी उरतं. इतरांच्या दुकानात स्क्रू उरतात. माझ्या दुकानात किस्से उरतात. टाकून द्यावेत तर टाकवत नाहीत, आणि साठत जातात.

परळला एका चाळीच्या जिन्याखाली माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मी सातवी पास. आधी गिरणीत होतो. गिरणी बंद पडली तेव्हा या धंद्यात आलो. इतक्या वर्षांत लोकांनी मला जितक्यांदा नावाने हाक मारली असेल, त्याहून जास्त वेळा एक प्रश्न विचारला. "काका, होम घालू की प्रो?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॉम्प्युटर ज्या सिस्टीमवर चालतो ती दोन प्रकारांत मिळते. होम स्वस्त, प्रो महाग. मी उत्तर देऊन देऊन कंटाळलो. शेवटी पाटी रंगवून घेतली आणि दारावर लावली.

"होम पुरतं. प्रो विचारू नये."

या पाटीपायी माझ्या सुनेची नोकरी जायला आली होती. ते सांगणारच आहे. पण पाटी कुठून आली ते आधी ऐका.

* * *

गिरणीत मी फोल्डिंग खात्यात होतो. मागावरून कापड यायचं, आम्ही तपासायचो, घडी घालायचो आणि तागा बांधायच्या आधी त्यावर ठप्पा मारायचो. दोन ठप्पे होते. साधा निळा आणि खास मालाला सोनेरी.

एक दिवस माझ्या हातून चूक झाली. आख्ख्या साध्या लॉटवर मी सोनेरी ठप्पा मारला! लक्षात आलं तेव्हा माल गेटबाहेर पडला होता. महिनाभर मला जेवण गेलं नाही. लग्नाला वर्ष झालेलं, नोकरी गेली तर खायचं काय?

महिन्याने मार्केटचा दलाल आला. थेट मुकादमाकडे गेला. मी खांबाआड उभा.

दलाल म्हणाला, "मुकादम, या खेपेचा सोनेरी माल फार सुंदर आलाय. हात लावला की कळतं! असाच पाठवा."

तो गेल्यावर मुकादमाने मला बोलावलं. त्याला सगळं माहीत होतं. म्हणाला, "दत्ताराम, तोंड बंद ठेव. आणि तुझा हात चुकतो तसा चुकू दे."

तेव्हापासून सोनेरी ठप्प्यावर माझा विश्वास नाही.

* * *

कॉम्प्युटरचं काम मला अब्बासभाईंनी शिकवलं. लॅमिंग्टन रोडला त्यांचं दुकान होतं. मी तिथे खोके उचलायला लागलो होतो. वय पंचेचाळीस. बाकीचे कामगार माझ्या मुलाच्या वयाचे.

एकदा त्यांनी मला कॉम्प्युटरच्या उघड्या डब्यातल्या वायरी बघत उभं असलेलं पाहिलं. मला वाटलं, आता ओरडणार. त्यांनी विचारलं, "मिल में थे ना? धागा टूटता था तो क्या करते थे?"

मी म्हटलं, "मागावर जोडायचे."

"तो ये भी जोडो. इसमें तो धूल भी नहीं है."

त्यांनी स्टूल सरकवून दिलं. माझं शिक्षण किती, ते त्या माणसाने शेवटपर्यंत विचारलं नाही. आज माझ्या घरात जे आहे ते त्या स्टुलावरून आलेलं आहे.

* * *

गिरगावातून एक निवृत्त हेडक्लार्क यायचे. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. पाटी वाचून भडकले.

"होम म्हणजे घरगुती! मी काय घरी पापड लाटतो? मला प्रो पाहिजे."

"साहेब, कॉम्प्युटरवर काय करता?"

"पत्ते खेळतो."

मी म्हटलं, "घरगुती सिलिंडर आणि हॉटेलचा सिलिंडर असतो ना, तसं आहे. चहा दोन्हीवर तोच होतो."

ऐकले नाहीत. शेजाऱ्याच्या जावयाकडे प्रो होतं, म्हणून यांनाही प्रो. घालून दिलं. महिन्याने परत आले आणि गुमान बाकावर बसले.

"काय झालं? मशीन बिघडली?"

"मशीन चांगली आहे हो. पण काका, प्रो घेतलं तरी मी हरतोच आहे!"

* * *

लालबागचा बाळा मसालेवाला. मिरच्या कांडायची मशीन स्वतःच दुरुस्त करतो, त्यामुळे जगातलं सगळं आपल्याला कळतं असं त्याला वाटतं. एक दिवस मोबाइल नाचवत आला.

"काका, पाटी काढा! प्रोची की मिळाली, मेसेजवर. वडापावच्या भावात! आणि लाइफटाइम!"

की म्हणजे सिस्टीम विकत घेताना मिळणारा लांबलचक नंबर. पंधरा दिवसांनी बाळा परत आला. स्क्रीनच्या कोपऱ्यात सिस्टीम खरी नसल्याची सूचना आली होती आणि की विकणाऱ्याचा नंबर लागत नव्हता.

"काका, लाइफटाइम म्हणाला होता हो तो!"

"कुणाचं लाइफ, ते विचारलं होतंस का?"

त्याला रीतसर होम घालून दिलं. आजही चाललंय. तेव्हापासून दर उन्हाळ्यात त्याच्याकडून घरी मालवणी मसाला येतो. न मागता. माझी बायको सुलभा डबा भरताना म्हणते, "तुमच्या पाटीने एवढं तरी कमावलंन."

* * *

आता एक किस्सा माझ्या विरुद्धचा. लपवणार नाही.

दादरच्या एक डॉक्टरीणबाई. लॅपटॉपवर पेशंटचे रिपोर्ट. मी म्हटलं होम पुरतं. त्या म्हणाल्या, "काका, तुमची पाटी वाचली. आता प्रो घाला. मला डिस्कला कुलूप घालायचंय आणि या मशीनवर ते प्रोमध्येच आहे." मी तोंड वाकडं करून घातलं.

सहा महिन्यांनी त्या लॅपटॉप टॅक्सीत विसरल्या. दोन दिवस पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी टॅक्सीवाला माझ्या दुकानासमोर उभा! लॅपटॉपच्या पोटाला माझ्या दुकानाचं स्टिकर होतं, त्यावरून आला.

मी हात जोडले. म्हटलं, "भाई, तुम्हारे जैसा ईमानदार आदमी..."

तो खरंच प्रामाणिक निघाला. म्हणाला, "चाचा, ईमानदारी की बात ये है, दो दिन बहुत कोशिश की. भतीजे ने भी की. खुला ही नहीं, तो ले आया."

लॅपटॉप न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाई हे ऐकून हसत हसत खुर्चीत बसल्या. मी म्हटलं, "साध्या पासवर्डनेही तो अडलाच असता."

"आणि पुतण्याने डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली असती तर?"

हे काम मी स्वतः आठवड्यातून दोनदा करतो. त्याच दिवशी पाटी उतरवायला हवी होती. नाही उतरवली. रंगाऱ्याला पैसे दिले होते, हे एक कारण. दुसरं कारण तुम्हाला कळलं असेल.

* * *

आता रुपाली. माझी सून. मुलगा महेश जहाजावर असतो, नऊ नऊ महिने बाहेर. लालबागच्या खोलीत आम्ही तिघं.

दादरला सोहोनी मॅडम सीए आहेत. त्यांच्या ऑफिसात पाच मशीन मी बसवल्या. पाचही होम. मॅडमनी विचारलं होतं, "काका, ऑफिसला प्रो नको?" मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास आहे ना?" विषय संपला. त्याच ओळखीवर रुपाली तिथे लागली आणि स्वतःच्या हुशारीवर टिकली. मार्चमध्ये मॅडमना ती नसली तर चालत नाही.

गेल्या वर्षी सुलभा गॅलरीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने जवळ माणूस पाहिजे.

मी म्हटलं, "दुकान बंद ठेवतो."

सुलभा बिछान्यातून म्हणाली, "तुम्ही दिवसभर घरात? मग पायाबरोबर डोकंही दुखेल." मग हळूच म्हणाली, "अहो, उठवणं, आंघोळ... बाईमाणूस लागतं."

पंधरा दिवस रुपालीने रजा काढली. सोळाव्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, मी नोकरी सोडते."

मी म्हटलं, "बघ."

एवढंच म्हटलं. ती आत गेली. तिला ती नोकरी किती आवडते ते मला माहीत होतं. पहिल्या पगारातून तिने सुलभाला साडी आणि मला नवा स्क्रू-ड्रायव्हर सेट आणला होता. तोच मी रोज वापरतो.

* * *

दोन दिवसांनी सोहोनी मॅडम स्वतः दुकानात आल्या. जिन्याखाली वाकून आत शिरल्या. बसल्या नाहीत.

"काका, रुपालीने राजीनामा दिलाय. मी तिला घरून काम करू दिलं असतं. तीन महिने काय, सहा महिने."

"मग द्या की."

"कसं देऊ? घरून तिच्या ऑफिसच्या मशीनमध्ये शिरता यायला हवं. सगळ्या फाइली तिथे आहेत. मशीन आत घेतच नाही. ती सोय प्रोमध्ये आहे. तुम्ही होम घातलंय."

"दुसरी ॲपं असतात."

"लोकांचे टॅक्सचे कागद आहेत काका. परक्या ॲपमधून नको मला."

मी विचारलं, "मग इतके दिवस मला का नाही सांगितलं?"

मॅडमनी दाराकडे बोट केलं. "मी म्हटलं होतं काकांना सांगते. तर रुपाली म्हणाली, नको, बाबांनी पाटी लावलीय."

त्या गेल्या. मी बाहेर येऊन पाटी वाचली. स्वतःची पाटी मी पहिल्यांदाच गिऱ्हाइकासारखी उभं राहून वाचली.

घरी गेलो. रुपाली सुलभाची वेणी घालत होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

तिने फणी थांबवली नाही. "बाबा, तुम्ही रोज जेवताना गिऱ्हाइकांचे किस्से सांगता. प्रो मागणारा प्रत्येक जण त्यात वेडाच असतो. त्यात माझा एक वाढला असता."

सुलभा भिंतीकडे तोंड करून हसली. हसताना तिला दुखतं, तरी हसली.

मी म्हटलं, "राजीनामा परत घे."

"पण मशीन..."

"मशीन मी बसवलीय. परत घे."

* * *

रविवारी मॅडमकडून चावी घेतली आणि ऑफिस उघडलं. रुपालीच्या मशीनवर प्रोची रीतसर की घातली. डिस्क पुसावी लागली नाही, काही नव्याने बसवावं लागलं नाही. मशीन एकदा बंद होऊन चालू झाली. तेच कापड, नुसता ठप्पा बदलला! पण या ठप्प्याने दार उघडलं. मुकादम असता तर त्याला दाखवलं असतं.

घरापासून ऑफिसपर्यंतची सुरक्षित वाट मॅडमच्या माणसाने करून दिली. ते माझ्या आवाक्यातलं नाही. तो मुलगा काम करत असताना मी त्याला बसायला स्टूल दिलं.

बाकीच्या चार मशीनवर होमच आहे. त्यांना पुरतं.

सोमवारी पाटी उतरवली आणि रंगाऱ्याकडे नेली. तो म्हणाला, "काका, काय लिहू?" आता दारावर तीनच शब्द आहेत. "आधी काम सांगा."

दारावर लावायच्या आधी ती घरी नेली होती, तेव्हा रुपालीने वाचली. पुढच्या सोमवारी माझ्या डब्यात कोलंबीचं सुकं होतं. सोमवारी आमच्याकडे मासे होत नाहीत.

* * *

महिन्याभराने ऑफिसचा प्रिंटर बघायला गेलो. भिकाजी म्हणून तिथला शिपाई आहे. माझ्याच वयाचा, तोही आमच्यासारखाच गिरणीतून आलेला. मॅडम बाहेर गेल्या होत्या.

रुपालीची खुर्ची रिकामी. समोर मशीन चालू, स्क्रीनवर कुलूप; घरून ती आत शिरली की इथे तेवढंच दिसतं. कुणी काही दाबत नव्हतं. तेवढ्यात बाजूचा प्रिंटर घरघरला आणि एकामागून एक कागद बाहेर टाकू लागला. भिकाजीने ते उचलले, पानं क्रमाने लावली, टाचणी मारली आणि मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

मग त्याने चहा आणला. एक कप मला दिला. दुसरा कप रुपालीच्या टेबलावर, कीबोर्डच्या उजव्या हाताला ठेवला. वर बशी झाकली.

मी म्हटलं, "भिकाजी, हा कुणाला?"

"अकराचा चहा आहे."

एवढं म्हणून तो ट्रे ठेवायला आत गेला. माझे गुडघे दुखत होते. टेकायला म्हणून मी रुपालीची खुर्ची ओढली आणि बसलो.

भिकाजी धावतच आला. दबक्या आवाजात म्हणाला,

"काका, उठा. तिथे नको. ताई कामावर आहेत."

मी उठलो.