कालिंदी मॅडमचा पत्त्यांचा तास

कालिंदी मॅडमचं माहेर देवगाव रंगारीचं, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षुकी करणारं. पाठांतर रक्तातच होतं. औरंगपुऱ्यात त्यांनी कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा डॉसच्या कमांडही त्या स्तोत्रासारख्या म्हणून घ्यायच्या. मुलं चपला दाराबाहेर काढून आत येत, काळ्या स्क्रीनसमोर बसत आणि एका सुरात सुरू होत, 'डीआयआर, सीडी, कॉपी, डेल!' एक टिंब चुकलं की सगळी ओळ पुन्हा. खालच्या किराणा दुकानदाराच्यासुद्धा निम्म्या कमांड तोंडपाठ झाल्या होत्या.

मग विंडोज आलं आणि पाठ करायला काही उरलंच नाही. चित्रावर बाण न्यायचा, टिचकी मारायची, झालं! मॅडम म्हणाल्या, "ही काय विद्या झाली?" आणि डॉसवर अडून बसल्या.

शहर मात्र कुणासाठी अडून बसत नव्हतं. इकडं वाळूज, तिकडं सिडको, जिकडं तिकडं नव्या इमारती. फक्त पावसाचाच पत्ता नव्हता. मुलं सिडकोतल्या रंगीत स्क्रीनच्या क्लासला पळाली. उरलेली टँकरचा हॉर्न ऐकला की हंडे घ्यायला पळत. शेवटी मॅडमनी विंडोजची मशीन आणली. पण माउस काही हाताला वश होईना. बाण एका कोपऱ्यात जायचा, मॅडमची मान दुसऱ्यात.

"मॅडम, एक बात बोलू?" शाइस्ता म्हणाली. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता त्यांच्याबरोबर शिकवत होती. "यात ताश आहेत. ते खेळा, हात बसेल."

"पत्ते? माझ्या क्लासमध्ये?"

"आमच्या घरीपण ताशला हात लावू देत नाहीत. पण यात ना पैसा, ना पत्ते पिसणारं कुणी. एकट्यानं खेळायचं."

मॅडमनी देवाची मनातल्या मनात माफी मागितली आणि इस्पिकच्या राणीवर बदामचा गुलाम नेऊन ठेवला. दोन-चार दिवसांत त्यांचा हात असा बसला की शाइस्तालाच म्हणावं लागलं, "बस करा मॅडम, बॅच आली."

ही बॅच म्हणजे क्लासची शेवटची आशा होती. वाळूजच्या एका कंपनीचे मंदार साहेब आपले स्टोअरकीपर घेऊन आले होते. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, "आजचा तास बघतो. जमलं तर पुढची सगळी माणसं तुमच्याकडं. नाही तर सिडको आहेच." ही बॅच गेली की दाराला कुलूप.

तास सुरू झाला. लोखंडाच्या पेट्या उचलणारे ते हात माउसवर असे आवळले की बाण जागचा हलेना. पैठणकडच्या फकिरानं तर माउस उचलून स्क्रीनलाच टेकवला.

"मॅडम, ह्यो उंदीर लई आडमुठा हाय!"

मंदार साहेबांनी घड्याळ बघितलं. मॅडमनी शाइस्ताकडं बघितलं. मग पदर खोचून विचारलं, "पत्ते कुणाकुणाला खेळता येतात?"

एकही हात वर नाही. सगळे मान खाली घालून बसले, जणू पत्ते हा शब्दच पहिल्यांदा कानावर पडला होता.

मॅडमच्या ध्यानात आलं. "साहेब, खालच्या हॉटेलात चहा फार छान मिळतो. घेऊन या बरं."

साहेब जिना उतरले आणि सगळे हात वर झाले.

"रात्रपाळीत दुसरं काय करणार, मॅडम?" फकिरा म्हणाला.

साहेब चहा पिऊन परत आले तर वर्गात हा गलका! ज्यांच्यानं बाण हलत नव्हता, ते पत्ते झरझर उचलून जागच्या जागी ठेवत होते.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"माउस," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "फकिरा, ते बंद कर आणि तुझं नाव असलेली फाईल शेजारच्या फोल्डरमध्ये टाक."

फकिरानं फाईल उचलली, अलगद नेली, टाकली. साहेबांनी तिघा-चौघांकडून तेच करवून घेतलं. कुणी चुकलं नाही.

"पुढच्या महिन्याची बॅचही तुमच्याकडंच," साहेब म्हणाले आणि चपला घालता घालता थबकले. "पण मॅडम, हा खेळ आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरही असतो का?"

"असतो की," मॅडम म्हणाल्या. "तो काढून कसा टाकायचा, ते शिकायला पुढच्या बॅचबरोबर तुम्हीच या."