मागं जुंपलेली जीप

मी पत्रकांवर वाढलो. आमच्या घरात पुस्तक फार उशिरा आलं. त्याआधी सभेत वाटलेले कागद वडील घडी घालून खिशातून आणत, आणि त्यांवर बोट ठेवून मी अक्षरं जुळवायला शिकलो. छापलेला शब्द आज ना उद्या खरा होतोच, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. ते वाटणं ज्या दिवशी संपलं, त्या दिवशी मी एका बंद जीपचं स्टिअरिंग धरून अमरावतीहून बाळापूरकडे निघालो होतो.

जीप आमच्या पुढाऱ्याची. घरी काळ्या जमिनीची मोठी शेती आणि तोंडात समतेची भाषा. सगळे त्यांना भाऊ म्हणत, मीही म्हणायचो. दौऱ्यासाठी त्यांनी एक जुनी बस घेऊन तिच्यात पलंग, स्टोव्ह, मोरी असं सगळं बसवून घेतलं होतं. अमरावतीच्या राजापेठेतली पोरं तिला फिरता बंगला म्हणत. पण हा बंगला सडकेपुरताच. पावसाळ्यात काळ्या मातीत उतरला की रुतलाच. म्हणून सोबत लष्करी लिलावातली जीप, चारही चाकांना जोर देणारी. दोन्ही गाड्यांना मिळून ड्रायव्हर एकच, तेव्हा जीप लोखंडी दांडीनं बसच्या मागं जोडायची आणि वळणावर ती भलतीकडे जाऊ नये म्हणून कुणीतरी तिच्यात बसून स्टिअरिंग धरायचं. हे कुणीतरी म्हणजे नेहमी मी. बसमध्ये चार खुर्च्या रिकाम्या असत. त्यांचा विचार मी तेव्हा करत नसे. आता करतो.

बाळापूरच्या अलीकडे, सडकेपासून आत, माझ्या आत्याचं गाव आहे. धम्मदीक्षेनंतर आमच्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. गावानं त्याचा राग पाण्यावर काढला. पूर्वी विहिरीवर कुणी वरून ओतून द्यायचं, तेही बंद झालं. बाया नाल्यात झिरे खणून गढूळ पाणी आणू लागल्या. विहीर गावच्या पाटलाच्या ताब्यात, आणि पाटील भाऊंच्या सोयऱ्यातला. भाऊंनी भर सभेत सांगितलं होतं, "मी स्वतः येईन, पहिली घागर माझ्या हातानं ओढीन आणि वस्तीच्या मायबहिणींच्या घागरीत ओतीन." पाटीलही म्हणाला होता की भाऊंनी हात लावला तर तो आड येणार नाही. त्या कार्यक्रमाचं पत्रक मी लिहिलं. शेवटची ओळ ठळक टायपात घ्यायला लावली: पाणी मिळेल.

निघताना चाचा, म्हणजे आमचा ड्रायव्हर, जीपमधून उतरला आणि भाऊंपुढं उभा राहिला.

"भाऊ, पुढच्या चाकाचा गिअर लागून हाय. दांडा अडकला. जरा रिव्हर्स मारू द्या, सुटून जाते. असाच वढला तं गिअरबॉक्स खाऊन टाकीन."

"मला शिकवतो का? लिलावातून मीच आणली ना ती?" भाऊ हसून म्हणाले. "बडनेऱ्याला हार घेऊन लोक उभे आहेत. आधी तिकडं चल."

त्यांना माहीत नव्हतं असं नाही. कोणता दांडा लावून ओढलं की आतले दात झिजतात, हे त्यांनी जिनिंगवाल्या मित्रांना माझ्यासमोर रंगवून सांगितलं होतं. पण हार खोळंबले होते.

बडनेऱ्याला हार झाले, मूर्तिजापूरला चहा झाला. चाचानं पुन्हा विषय काढला तेव्हा भाऊ डुलकी घेत होते. अकोला मागं पडल्यावर माझ्या पायाखालून जळक्या ऑइलचा वास यायला लागला. खालचा पत्रा चपलेतून चटका देत होता. मी हॉर्न दाबला, दाबतच राहिलो. बसच्या मागच्या खिडकीत भाऊंचा हात दिसला. त्या हातानं पडदा ओढून घेतला.

आत्याच्या गावच्या फाट्यावर बस थांबली. चाचानं जीप सोडवली, सुरू केली आणि चिखलाच्या गाडरस्त्यावर घातली. थोडी गेली, आतून काहीतरी कडकडलं, आणि मग नुसतं इंजिन ओरडत राहिलं. चाकं जागची हलेनात.

मी म्हणालो, "भाऊ, पायी जाऊ. फार लांब नाही. आत्या रोज चालते."

भाऊंनी आपल्या पांढऱ्या धोतराकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "बाळापूरची सभा आहे रे. तुम्ही लोक लवकर हळवे होता. तू जाऊन सांग, भाऊ पुढच्या खेपेला नक्की येतात. आणि पाटलाला म्हणावं, जीप ओढायला बैल पाठव."

मी गेलो. विहिरीपाशी सगळी वस्ती जमली होती. बायांनी घागरी राखेनं घासून लख्ख केल्या होत्या. पाटलानंही भाऊंच्या हाताला टोचू नये म्हणून नवा जाड दोर आणून विहिरीच्या चाकावर चढवला होता. तो दोर पाहून क्षणभर मला वाटलं, भाऊ नसले तरी होईल.

"भाऊ कुठी हायेत?" पाटलानं विचारलं.

मी सांगितलं. जीप बंद पडल्याचं, निरोपाचं, बैलांचं.

"मंग आपलं बोलनं झालं होतं थे भाऊसंग," पाटील म्हणाला. "भाऊ नाई तं काहाचं पानी?"

"पाटीलसाहेब, दोर चढवलेलाच आहे," मी म्हणालो. "घागरी इथंच आहेत. एक ओढू द्या."

"तू ओढतं का? तुह्या हाताले कोन सोयरा म्हनते?"

त्याच्या माणसांना हसू आलं. पाटलानं त्यांना बैल जुंपायला सांगितलं. जीप ओढायला घरी मजबूत दोर नव्हता, म्हणून विहिरीवरचाच उतरवला. माझ्या आत्याच्या डोळ्यांसमोर तो चाकावरून सरसरत निघाला आणि गड्याच्या खांद्यावर गेला. आत्यानं फक्त घागर या कमरेवरून त्या कमरेवर घेतली.

मी बैलांच्या मागं फाट्यावर गेलो. कशाला गेलो, सांगता येत नाही. भाऊंच्या तोंडावर काही बोलायचं होतं बहुतेक. तिथं पोचलो तेव्हा आमच्या आधीच आलेला पाटील फिरत्या बंगल्यात खुर्चीवर बसून दूध पीत होता. भाऊ त्याला म्हणत होते, "आज तुमच्यामुळं अब्रू वाचली." विहिरीचा विषय निघाला नाही. बैलांनी जीप चिखलातून ओढली. दोर ताणला गेला, त्याचे पीळ मातीनं काळे झाले. चाचानं दांडी पुन्हा जोडली.

"बस रे, स्टिअरिंग धर," भाऊ आतून म्हणाले.

"मी येत नाही."

"अरे पण सभेत पत्रकं कोण वाटेल?"

"गठ्ठा सीटवर ठेवला आहे," मी म्हणालो. "तुम्हीच वाटा. शेवटची ओळ वाचून दाखवा."

त्यांना राग आला की नाही, मला कळलं नाही. त्यांनी पाटलाच्या गड्याला जीपमध्ये बसवलं आणि बंगला निघून गेला. बाळापूरला सभा झाली. ती फार चांगली झाली असं नंतर ऐकलं. पुढची खेप आजवर आलेली नाही.

मी परतलो तेव्हा विहिरीवर चाक उघडं होतं आणि आत्या एकटीच थांबली होती.

"गेले काय रे सायेब?"

"गेले."

"काहून बाप्पा, जीप इतकी नाजूक असते?" तिनं विचारलं. टोमणा होता की खरंच विचारत होती, मी अजून ठरवू शकलेलो नाही. दोन घागरींपैकी एक तिनं माझ्या हातात दिली. "चाल, उजेड हाय तवर नाल्यावर जाऊन येऊ."